लाल शेरे

संपादकांनी शेवटी हात टेकले. "बाई, तीन खर्डे झाले. किशोरांची कादंबरी हे काही तुमचं काम नाही. आपल्या ससोबाच्या गोष्टींकडे परत या, छोटे वाचक वाट बघताहेत."

"बघू," म्हणत लेखिकाबाई घरी आल्या आणि चौथ्या खर्ड्याची पानं त्यांनी लेकीच्या बंद दाराखालून आत सरकवली. पंधरा वर्षांची लेक हल्ली आईशी चकार शब्द बोलत नसे, पण पानं मात्र लाल शेरे मारून परत करी. 'असं कोण बोलतं?' 'ही रडणार नाही, चिडेल.' म्हणून तर बाई दर खर्ड्यात मुद्दाम चार चुका जास्त करत.

या वेळी शेवटच्या पानावर शेरा होता, 'आई, कळलंय मला. ससोबाच लिही. त्यातही चुका काढीन.'