हत्तीचा ताबा

खटला हत्तीने जिंकला. पण हे वाचलंच नाही असं समजा. ज्युनिअर वकीलबाईची पहिली तडजोड अजून सुरूही व्हायचीय. सीनियरनी बजावलं होतं, "आधी ऐकायचं, मग लिहायचं; चेहऱ्यावरची रेषाही हलू द्यायची नाही." घटस्फोट घेणाऱ्या जोडप्याने फ्रिज, सोफा, रविवारसुद्धा वाटून घेतले. घोडं अडलं कापडी हत्तीपाशी. त्याच्याशिवाय लेकीला झोप लागेना. "आणला मी!" बाबा म्हणाले. "चारदा सोंड शिवली कोणी?" आई तडकली. ज्युनिअर लेकीसमोर उकिडवी बसली. "हत्तीचं म्हणणं काय?" लेकीने सोंडेला कान लावला. "म्हणतोय, माझ्याबरोबर दोन्ही घरी राहणार." ज्युनिअरने तसंच कलम लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. "वकीलताई, हत्तीचा अर्ज राहिला!" लेक म्हणाली आणि पुन्हा सोंडेला कान लावून सांगू लागली. ज्युनिअरने रेषाही न हलवता लिहिलं: "आईबाबांचा एकत्रित ताबा, एकाच घरात, हत्तीकडे देण्यात यावा, ही नम्र विनंती."