पांढरी काच

चार वर्षांची रेवा उठायच्या आत सौमित्र तांजोंग पगारच्या ऑफिसला निघायचा आणि ती झोपल्यावर पाय ओढत परतायचा. दिवसाकाठी भेट एकच. सकाळी त्याला घेऊन बुकित पंजांग स्टेशनाकडे निघालेली एलआरटी, म्हणजे उंच पुलावरून धावणारी छोटी रेल्वे, घरासमोरून जाताना त्याची बायको पेंगुळल्या लेकीला खिडकीत उभी करून टाटा करायला लावायची. पण लोकांच्या घरात कुणी डोकावू नये म्हणून गाडीच्या काचा तिथे आपोआप पांढऱ्या व्हायच्या. तोही आतून त्या पांढऱ्या काचेलाच हात करायचा.

आज अंगात ताप, म्हणून तो घरी राहिला. गाडी दिसताच रेवा खिडकीशी धावली आणि दोन्ही हात हलवू लागली.

त्यानं तिला मागून उचललं. "अगं वेडे, मी इथे आहे."

"वेट लाह, थांब ना!" त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली, "आधी बाबाला टाटा करू दे."