सरासरी अठरा दिवस

दिगंबर सोनटक्के गोटा केलेल्या डोक्याने दारात उभा राहिला आणि वृंदा मॅडमना त्याच्याकडे बघवेना.

चंद्रावरच्या त्या खाणीत घरी जायची रजा यंत्रावरच्या पत्त्यांवर ठरायची. माणशी वर्षाला एकच डाव, त्यात नको तो पत्ता टाकून एकदा दुसरा घेता यायचा. गेल्या महिन्यात दिगंबरला पाचही पत्ते बदामाचे आले: एक्का, राजा, राणी, गुलाम आणि सत्ती. म्हणजे सहा दिवसांची रजा हातात. आई चिपळूणला अंथरुणाला खिळलेली. तरी त्याने आधी खाणीच्या गणितज्ञ बाईंना विचारलं.

"सत्ती टाक," वृंदा मॅडम म्हणाल्या होत्या. "बदामाची दश्शी आली तर एक्क्यापासून सलग पाच बदाम, म्हणजे आठशे दिवस. सरासरी काढलीस तर अठरा पडतात. सहावर कशाला थांबतोस?"

आली इस्पिकची तिर्री. रजा शून्य.

"मॅडम, गणित बरोबर होतं ना?" त्याने आज विचारलं.

"बरोबरच होतं रे."

"मग माझंच नशीब फुटकं," म्हणत तो कामावर गेला.

सरासरी हजारो डाव खेळणाऱ्याच्या पदरात पडते, एकच डाव असणाऱ्याच्या नाही, हे त्याला सांगायला हवं होतं. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनाही असाच डाव लागला होता, तेव्हा सहा दिवस मुकाट्याने घेऊन त्या वडिलांना भेटून आल्या होत्या.