उलटी शिवलेली पानं

"इतिहासच का?" लालपेन मॅडमनी अर्जावरची नजर वर केली.

मॅडम कॉलेजातल्या इतिहास विभागाच्या प्रमुख. हातात लाल पेन नाही असं त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि पोरांनी ठेवलेलं नाव त्यांनाही ठाऊक होतं. समोर बसलेली बाई सत्तेचाळीस वर्षांची. सरकारी दफ्तरखान्यात जुन्या वह्या शिवायची. नोकरी सांभाळून नुकतीच बारावी झाली होती. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठीची एकच जागा उरली होती आणि ती कुणाला द्यायची हे मॅडमच्या हातात होतं. अर्जावर तीन वर्षांचे तीन चौकोन होते, कोणत्या वर्षी काय शिकणार ते लिहायला. बाईनं पहिले दोन पेन्सिलीनं भरले होते. तिसरा कोराच होता.

उत्तर तिनं घरून पाठ करून आणलं होतं. लहानपणापासूनची आवड वगैरे. ते ओठांपर्यंत आलं आणि अडकलं. मॅडमच्या मागच्या फळीवर त्यांचं पुस्तक उभं होतं, चिनीमातीच्या कारखान्यातल्या जुन्या संपावरचं. त्याच पुस्तकानं मॅडमचं नाव झालं होतं.

"मॅडम, तुमच्या पुस्तकात एक चूक आहे," ती म्हणाली. "ती माझी आहे."

कपबशांवर वेली रंगवणाऱ्या बायकांनी कच खाल्ली आणि सगळ्यांच्या आधी त्या कामावर परतल्या, असं पुस्तकात लिहिलं होतं. पुरावा हजेरीवहीचा. रंगखात्याची बारा दिवसांची बारा पानं. पहिली दहा कोरी, शेवटच्या दोन पानांवर सगळ्या बायकांचे अंगठे. तारखांचे कोपरे तेवढे उंदरांनी खाल्लेले.

ती वही बावीस वर्षांपूर्वी हिनंच शिवली होती. नोकरीचा पहिला महिना होता. वहीतली नेमकी हीच बारा पानं फाटलेली. फाटकं पान चिकटवलं की पालथं ठेवायचं, म्हणजे क्रम राहतो, हे कुणीही बाइंडर झोपेतसुद्धा सांगेल. हिनं उताणी ठेवली, एकावर एक. पहिलं पान तळाला गेलं, शेवटचं वर आलं आणि गठ्ठा तसाच शिवला गेला.

हिच्या सासूबाई त्याच रंगखात्यात होत्या. "आम्ही शेवटपर्यंत आत पाय टाकला नाही," असं त्या जन्मभर सांगत आल्या. पुस्तक निघालं तेव्हा सुनेनं ते पान त्यांच्या नाकासमोर धरलं होतं. "बघा, छापून आलंय." सासूला गप्प केल्याचा आनंद तिला चांगला आठवडाभर पुरला. सासूबाईंनी मात्र त्यानंतर संपाचं नाव काढलं नाही. गेल्या महिन्यात वहीची शिवण सुटली आणि ती फिरून हिच्याच टेबलावर आली. पानं उलगडली तेव्हा आपण ती उलटी शिवल्याचं तिला दिसलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाऊन तिनं माफी मागितली.

"मला काय सांगतेस? मला माहीतच आहे," सासूबाई म्हणाल्या. "जिनं छापलं तिला सांग."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "माझं पुस्तक खोटं ठरवायला पुरावा लागेल. सासू चालणार नाही."

"पुरावा आहे. किडा आहे," बाई म्हणाली.

तिनं पिशवीतून ट्रेसिंग पेपरचे तुकडे काढले. पानं फाटण्याच्या कितीतरी आधी किड्यानं त्या वहीला आरपार भोक पाडलं होतं. प्रत्येक पानावरचं भोक तिनं जागच्या जागी उतरवून आणलं होतं. आता तिनं ते कागद वहीतल्या क्रमानं टेबलावर मांडले. आधीच्या खात्याच्या पानांवर भोक दर पानाला तिळभर खाली सरकत होतं. रंगखात्याशी येताच त्यानं एकदम खाली उडी घेतली, मग ते उलटं वर चढलं, आणि पुढच्या खात्याला पुन्हा खाली उडी. मग तिनं फक्त ते बारा कागद उलट्या क्रमानं लावले. भोक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मुकाट्यानं उतरत गेलं.

"किडा पानं खात जातो, मॅडम. उड्या मारत नाही. अंगठे पहिल्या दोन दिवसांचे आहेत, मग शेवटपर्यंत एकही बाई आत आली नाही."

मॅडम कागदांवर वाकल्या. बारा कागद त्यांनी स्वतः उलटे लावून पाहिले, पुन्हा सुलटे लावले. मग कागद बाजूला सारले. बाईनं पिशवी आवरायला घेतली. जागा गेली, हे तिनं ओळखलं. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता, तरी महिनाभरात पहिल्यांदाच तिला हलकं वाटत होतं.

मॅडमनी फळीवरचं पुस्तक काढलं. एकशे चाळिसावं पान उघडलं. लाल पेनाचं टोपण काढलं आणि स्वतःच्याच वाक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली.

"तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढतेय," त्या म्हणाल्या, आणि चक्क हसल्या. "माझी काढायची कुणाची हिंमत झाली नव्हती. बसा खाली. कुठं निघालात?"

मग त्यांनी अर्ज ओढून घेतला आणि तिसरा चौकोन स्वतः भरला: 'संपातल्या बायका. प्रकरण नव्यानं लिहिणे.' खाली सही ठोकली. बाईनं ते दोनदा वाचलं. तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"तुमच्या सासूबाईंना भेटायला हवं. कुठं असतात?"

"बाहेर बाकावर बसल्यात. मी घाबरून मागं फिरेन म्हणून बरोबर आल्या."

मॅडम स्वतः दाराशी गेल्या. "आजी, त्या संपाचं मला सगळं ऐकायचंय. सांगाल?"

सासूबाईंनी चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा चढवला. आधी मॅडमकडे पाहिलं, मग मागं उभ्या असलेल्या सुनेकडे.

"सांगते की," त्या म्हणाल्या. "हिला म्हणावं, या खेपेला पानं नीट लाव."