गॅलरीतली प्रतिज्ञा

बिबवेवाडीत एकट्या राहणाऱ्या चंद्रभागाबाई वानखडे यांचा आवाज पार बसला होता. शेवटी त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टर चैतालींकडे गेल्या.

डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला. "घशात तर काहीच नाही हो, आजी. दिवसभरात कोणाशी बोलणं होतं का?"

"होतं की. समोरच्या शाळेत सकाळी लाउडस्पीकरवर मुलं प्रतिज्ञा म्हणतात ना, तेव्हा मीही गॅलरीत हात पुढे करून म्हणते. मी मॅट्रिकला होते तेव्हा ही प्रतिज्ञा शाळेत नवीनच आली होती. तेव्हा काही केल्या पाठ होत नव्हती. आता 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' अगदी खणखणीत म्हणते."

"अरे वा! आणि नंतर?"

"नंतर कोणाशी बोलू? आमच्या मजल्यावरची दारं फक्त पार्सलवाल्याला उघडतात."

डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "आवाज कधीपासून बसलाय?"



"शाळेला सुट्टी लागली तेव्हापासून."