कोमट पाण्यातली बोटं

कोमट पाण्यात बुडवून ठेवलेला हात बाबांनी बाहेर काढला, तेव्हा करंगळी सुरकुतली होती. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं मात्र गुळगुळीतच होती. मज्जातंतू जिवंत असेल तरच पाण्यात कातडी सुरकुतते. बाबांच्या सलूनमधला आरसा फुटून त्यांचं मनगट कापलं, तेव्हापासून त्या बोटांना वस्तरा धरता येत नव्हता. सर्जन म्हणत होते, पायातला मज्जातंतू काढून इथे जोडू. फार तर पाऊल थोडं बधिर राहील. उशीर केला तर अंगठ्याचा स्नायू वाळून जाईल, मग कशाचाच उपयोग नाही. बाबा ऐकत नव्हते. "पाय कशाला कापून घेऊ? माझी लेक प्रयोगशाळेत मूलपेशी वाढवते. त्या टोचल्या की झालं!" ते खुर्चीतल्या जुन्या गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगत होते. "मग थोड्या माझ्या टकलावरही पेरायला सांग की तिला," गिऱ्हाईक म्हणालं. दोघं हसले. मीही हसले. आमच्या मूलपेशींमुळे उंदरांचे लुळे पाय पुन्हा हलले होते. माणसांवरची चाचणी अजून सुरूही झालेली नव्हती, आणि ते सांगणं मी रोज उद्यावर ढकलत होते. बाबांचा हात पुसताना अंगठ्याखालचा उंचवटा माझ्या बोटांना लागला. तो मागच्या खेपेपेक्षा सपाट झाला होता. "काय गं, अजून किती थांबायचं?" बाबांनी विचारलं. "थांबायचं नाही, बाबा," मी म्हणाले. "माझ्या पेशी तुमच्या हातासाठी वेळेत तयार होणार नाहीत. पायातला मज्जातंतू काढू द्या."