दुखण्याचा आकडा

“काका, तुमच्या सुईत नुसतं मिठाचं पाणी होतं.”

खालच्या मजल्यावरची शास्त्रीणबाई दारात उभी राहून हे बोलली, आणि काकांनी हातातली काठी चटकन पलंगाखाली सरकवली. शास्त्रीणबाई हे नाव त्यांनीच ठेवलेलं, ती फ्रॉक घालून त्यांच्या घरभर बागडायची तेव्हा. आता ती खरोखरच शास्त्रज्ञ झाली होती. गुडघ्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते. ती झिजली की मूळपेशींकडून भरून घ्यायची, हा तिचा नऊ वर्षांचा ध्यास. साध्या पेशी गुडघ्यात तग धरत नसत, चार दिवसांत मरून जात. हिने त्यांना आधी कमी हवेत, अर्धपोटी वाढवून चिवट केलं. मग चाळीस माणसं निवडली. निम्म्यांना चिवट पेशी, निम्म्यांना मिठाचं पाणी. कोणाला काय दिलं हे शेवटी यादीचं बंद पाकीट फोडेपर्यंत कोणालाच ठाऊक नाही, तिलासुद्धा नाही.

“मग तर उत्तमच की!” काका हसून म्हणाले. “मी पाण्यानेच बरा झालो. पेशी मिळालेले तर उड्या मारत असतील.”

“सगळेच उड्या मारतायत, काका. तिथेच तर घोडं पेंड खातंय.” ती खुर्चीत बसली. “सहा महिन्यांत फोटोत काही दिसत नाही. मोजायचं ते दुखणं. शून्य ते दहा, ज्याचं त्याने लिहायचं. पेशीवाल्यांनी एक-दोन लिहिलंय आणि पाणीवाल्यांतल्या बहुतेकांनी शून्य. म्हणजे माझ्या पेशी पाण्याहून सरस नाहीत. काल साहेबांनी काम बंद केलं. सोमवारी पेशींच्या पेट्या रिकाम्या करायच्यात.”

काकांनी पलंगाखाली काठी होती तिकडे पाहिलं.

एकतीस वर्षं ते बेअरिंगच्या कारखान्यात माल तपासायला होते. केसाएवढी खोट दिसली तरी माल परत. एकदा तर मालकाच्या मेहुण्याची अख्खी गाडी त्यांनी फाटकातून मागे धाडली होती. असा हा खडूस माणूस, पण सुई घेतल्यावर दवाखान्यात पहिल्यांदा तो दुखण्याचा कागद हाती आला आणि विरघळला. गुडघा ठणकत होता, सात लिहायला हवं होतं. पोरीचा ओढलेला चेहरा डोळ्यांसमोर आला आणि त्यांनी शून्य लिहिलं. तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण दर मंगळवारी बाहेरच्या बाकावर भेटणाऱ्या मंडळींनाही त्यांनी गळ घातली. “आपल्या घरचं कार्य समजा. पोरीचं नाव होऊ दे.” निवृत्त बसचालक, शिंपीणबाई, एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघी जावा, सगळ्यांनी माना डोलावल्या. चांगली बारा-तेरा डोकी होती, आणि नेमकं त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला पाणीच आलेलं. पाणी मिळालेल्याने शून्य लिहिलं तर पेशींचा गुण दिसणार कसा, एवढी साधी गोष्ट या मुरलेल्या तपासनिसाच्या ध्यानात आली नाही. मायेपुढे अक्कल गहाण पडली होती.

काकांनी वाकून काठी बाहेर काढली आणि मांडीवर आडवी ठेवली.

“मी खोटं लिहिलं, पोरी. त्या बाकावरच्यांनाही मीच फितवलं. माझा गुडघा अजून तसाच आहे. उद्या येतो तुझ्या साहेबांकडे, कान धरून कबूल करतो.”

तिला फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही. “उपयोग नाही, काका. मग तर चाळीसही कागद खोटे धरतील. पुन्हा चाळीस माणसं कोण देणार मला?”

ती ओरडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि माणूस लाजला की दुसऱ्याची चूक शोधतो.

“तू तरी एकदा विचारायचंस,” ते पुटपुटले. “बरोबर माझ्या खाली राहतेस. मी दिवसभर इथे पाय फरफटत फिरतो, ते तुला ऐकू नाही आलं?”

“यायचं ना. रोज यायचं.” तिने मान वर केली नाही. “मला वाटायचं, काकांचं अजून दुखतंय, म्हणजे त्यांच्या वाट्याला पाणी आलंय. म्हणजे आपल्या पेशी जिंकणार. तुमचा पाय जितका फरफटायचा ना काका, तितकी मी खूश व्हायचे.”